पोऱ्या ज्युनिअरला चमकला, पण लीगसाठी तयार आहे का?

हॉकी इंडिया लीगच्या लिलावाची बातमी आली की भुसावळ-जळगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक ठरलेला वाद रंगतो. कुठल्यातरी सतरा-अठरा वर्षांच्या पोराने राज्याच्या संघाकडून चार गोल मारलेले असतात. त्याचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ फिरत असतो. खाली कुणी लिहितं, "भो, हा तर आत्ताच लीगमध्ये पाहिजे." दुसरा म्हणतो, "जाऊ दे, वरच्या लेव्हलला एक धक्का लागला तर उठायचा नाही."

दोघेही तोच व्हिडिओ बघून बोलतात, आणि खरी अडचण तिथेच आहे. व्हिडिओ चेंडूच्या मागे फिरतो. पोरगा तयार आहे की नाही, हे चेंडू त्याच्यापासून लांब असताना कळतं. असं का, ते समजायला आधी लीग काय आहे ते पाहू.

लीगमध्ये पोरांसाठी जागा असते, मिनिटं नसतात

हॉकी इंडिया लीग २०१३ मध्ये सुरू झाली, २०१७ नंतर बंद पडली आणि सात वर्षांच्या खंडानंतर २८ डिसेंबर २०२४ रोजी पुन्हा उभी राहिली. त्या हंगामात पुरुषांचे आठ संघ होते आणि सामने राउरकेला आणि रांचीला झाले. जानेवारी २०२५ मध्ये पहिल्यांदाच मुलींची लीगही झाली, तिच्यात चार संघ होते. खेळाडू लिलावात घेतले गेले. पुरुषांच्या प्रत्येक संघाला चार कोटी रुपये खर्च करायची मुभा होती, आणि खेळाडूंच्या मूळ किमती दोन, पाच आणि दहा लाख अशा तीन पायऱ्यांच्या होत्या. सगळ्यात महाग गेला तो भारताचा कर्णधार हरमनप्रीत सिंग, ७८ लाखांना.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या हंगामात प्रत्येक संघात २४ खेळाडू होते. त्यातले आठ परदेशी, सोळा भारतीय, आणि या सोळांत चार ज्युनिअर घेणं सक्तीचं होतं. हा नियम चांगला आहे, पण आईवडिलांचा गोंधळ होतो तो इथेच. क्लबने पोराला घेतलं म्हणजे क्लबला तो तयार वाटला, असं नाही. चार ज्युनिअर घ्यायचेच होते, त्यातला हा एक. मैदानावर एका वेळी अकराच जण असतात, आणि त्या अकरांत यायला त्याला बेल्जियम, नेदरलँड्स, ऑस्ट्रेलियाकडून ऑलिम्पिक खेळलेल्या लोकांशी स्पर्धा करावी लागते. जागा नियमाने मिळते. मिनिटं कोच देतो, आणि कोचला सामना जिंकायचा असतो.

म्हणून "लीगमध्ये निवड झाली का?" आणि "लीगसाठी तयार आहे का?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पेपरात पहिल्याची बातमी येते.

मातीवरचा राजा टर्फवर का गडबडतो

आपल्याकडची बहुतेक पोरं मातीवर किंवा मुरमावर हॉकी शिकतात. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो, म्हणून सकाळी ऊन चढायच्या आत प्रॅक्टिस उरकायची. चेंडू कुठे आपटून कुठे उडेल याचा नेम नसतो. मोठी लीग खेळली जाते टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, आणि सामन्याआधी त्यावर पाणी मारलेलं असतं. ओल्या टर्फवर चेंडू उसळत नाही, सरळ घसरत येतो. आणि फार लवकर येतो.

हा फरक किती मोठा आहे, ते आख्ख्या देशाने भोगलंय. १९७५ मध्ये भारताने क्वालालंपूरला गवतावर विश्वचषक जिंकला. पुढच्याच वर्षी माँट्रिअल ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा कृत्रिम टर्फ आलं आणि भारत सातवा आला. एका वर्षात आपले लोक हॉकी विसरले नव्हते. पायाखालची जमीन बदलली आणि तिच्याबरोबर खेळ बदलला. मातीवर चेंडू स्टिकला चिकटवून तिघांना चकवणारा राजा असतो. टर्फवर त्याला चकवायला वेळच उरत नाही, कारण पास माणसापेक्षा कितीतरी वेगाने पळतो.

सगळ्यात जास्त बदलतो तो ट्रॅप, म्हणजे आलेला चेंडू स्टिकने ताब्यात घेणं. मातीवर आधी चेंडू मेला पाहिजे, मग मान वर करून बघायचं. टर्फवर आधी बघायचं, मग चेंडू घ्यायचा, तोही असा की पहिल्याच स्पर्शात तो आपल्याला जायचंय त्या बाजूला वळला पाहिजे. ज्याला चेंडू थांबवल्यावर विचार सुचतो, त्याच्या अंगावर तोवर डिफेंडर येऊन उभा असतो. ही सवय पंधरा दिवसांच्या कॅम्पात लागत नाही. टर्फवर निदान एक-दोन हंगाम नियमित खेळावं लागतं, असं माझं मत.

मुरमावरच्या पोरांच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. वेड्यावाकड्या उसळीवर शिकलेल्याचे हात फार मऊ असतात. टर्फवर जन्म काढलेल्या पोरांपेक्षा चेंडूची समज त्यांना जास्त असते. त्यांची मान तेवढी वर करायला शिकवावी लागते.

साठ मिनिटांतली सत्तावन्न

सामना साठ मिनिटांचा, पंधरा-पंधराचे चार क्वार्टर. मैदानावर बावीस जण. साध्या भागाकारानेही एकाच्या वाट्याला तीन मिनिटं येत नाहीत, आणि चेंडू एकाकडून दुसऱ्याकडे जाण्यात जातो तो वेळ वेगळाच. म्हणजे मोठ्यातला मोठा खेळाडूसुद्धा सत्तावन्न मिनिटांहून जास्त वेळ चेंडूविना खेळतो. व्हायरल व्हिडिओत दिसतात ती उरलेली मिनिटं.

त्या सत्तावन्न मिनिटांत काय करायचं असतं? एक शब्द समजून घेऊ, प्रेस. समोरचा संघ त्यांच्या डीजवळून, म्हणजे गोलासमोरच्या अर्धगोलाजवळून, चेंडू बाहेर काढत असतो. त्या वेळी आपले पुढचे चार-पाच जण ठरवून अशा जागा धरतात की त्यांचे सोपे पास बंद होतात आणि त्यांना अवघड पास द्यावा लागतो. हे एकत्र जमलं तर चेंडू आपल्याला आयता मिळतो. पण एकाने जरी उत्साहात आपली जागा सोडून चेंडूमागे धाव घेतली, की त्याच्या पाठीमागे बोगदा तयार होतो आणि समोरचा संघ तीन पासांत आपल्या डीत. शालेय किंवा ज्युनिअर सामन्यात अशी धाव घेणाऱ्याला टाळ्या पडतात, "काय जीव लावतो पोऱ्या!" लीगमध्ये त्याच धावेवर गोल बसतो आणि कोच त्याला बेंचवर बोलावतो.

याचं मला आठवणारं सगळ्यात चांगलं उदाहरण पॅरिस ऑलिम्पिकमधलं आहे. ४ ऑगस्ट २०२४, ब्रिटनविरुद्ध उपांत्यपूर्व सामना. सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला रेड कार्ड मिळालं आणि भारताला उरलेला जवळजवळ पाऊण सामना दहा जणांनिशी खेळावा लागला. सामना १-१ बरोबरीत सुटला, शूटआउटमध्ये भारत ४-२ ने जिंकला. गोलकीपर श्रीजेशचं कौतुक झालं, ते रास्तच होतं. पण पुन्हा तो सामना बघायला मिळाला तर चेंडूकडे न बघता बाकीचे नऊ जण काय करतात ते बघा. एक जण डावीकडे सरकला की दुसरा त्याची जागा झाकतो, तिसरा दोघांच्या मधे उभा राहतो, आणि हे न थांबता चालू असतं. आपला पोरगा त्या नवांत उभा असता तर योग्य वेळी सरकला असता का? लीगसाठी तयार असणं म्हणजे बऱ्याच अंशी या प्रश्नाला हो म्हणता येणं.

हे स्वतःलाच तपासता येतं. सामन्याला गेलात तर चौथ्या क्वार्टरमध्ये मोबाइल फक्त आपल्या पोरावर धरा, चेंडू कुठेही असो. चेंडू येण्याआधी तो किती वेळा मान वळवून मागे-बाजूला बघतो ते मोजा. चेंडू गमावल्यावर पहिल्या तीन सेकंदांत काय करतो ते बघा. लगेच वळून पळाला तर उत्तम. पंचांकडे हात पसरून उभा राहिला तर अजून वेळ आहे. चौथं क्वार्टर मुद्दाम सांगतोय, कारण पहिल्यात सगळेच शहाणे असतात.

केळी बारा आण्यालाच कापतात

इथे कुणी म्हणेल, मग पूर्ण तयार होईपर्यंत थांबवायचं का त्याला? नाही. रावेर-यावलकडच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. लांबच्या बाजारात जाणारी केळी झाडावर पिकवून कोणी कापत नाही. घड बारा आणे भरला, फळाच्या धारा गोल होत आल्या की हिरवाच कापतात, आणि तो पिकतो रायपनिंग चेंबरमध्ये. झाडावरच पिकलेली केळी दिल्लीला पोचेपर्यंत ट्रकमध्ये काळी पडतात. उलट, धारा टोकदार असतानाच कापला तर चेंबरमध्ये सालीला रंग येतो, पण गर भरत नाही.

क्लबलाही ज्युनिअर बारा आणे भरलेलाच हवा असतो. संघाची प्रेस, पेनल्टी कॉर्नरच्या (समोरच्याने त्यांच्या डीत फाऊल केला की मिळणाऱ्या संधीच्या) खेळ्या, व्हिडिओवर समोरच्याचा अभ्यास, खाणंपिणं, झोप, हे उरलेले चार आणे तिथे शिकवतात. पण ट्रॅप, टॅकल, उलट्या बाजूने चेंडू घेणं, दम आणि मान वर ठेवायची सवय हे घरून भरूनच न्यावं लागतं. लीगचा २०२४-२५ चा हंगाम जेमतेम पाच आठवड्यांचा होता. पाठोपाठ सामने असताना कुठल्या कोचला ट्रॅप शिकवायला सवड मिळणार?

फॉरवर्ड लवकर, गोलकीपर उशिरा

जागेप्रमाणे उत्तर बदलतं, आणि ग्रुपवरच्या वादात हे कोणी विचारातच घेत नाही.

फॉरवर्ड सगळ्यात लवकर तयार होतो. हॉकीत खेळाडू हवे तितक्या वेळा आत-बाहेर करता येतात, त्यामुळे फॉरवर्डने काही मिनिटं जीव तोडून पळायचं, बाहेर येऊन दम खायचा, पुन्हा आत. आणि त्याची चूक झाली तरी बहुधा एक हल्ला वाया जातो, गोल बसत नाही. २०१३ च्या पहिल्या लीगमध्ये मनदीप सिंग अठराव्या वर्षी रांची ऱ्हायनोजकडून खेळला, संघ विजेता ठरला आणि तो त्याच वर्षी भारताच्या वरिष्ठ संघात गेला.

मिडफिल्डरला थोडा जास्त वेळ लागतो. अपवाद म्हणून नाव येतं ते आपल्याच रेल्वेलाइनवरच्या पोराचं, इटारसीजवळच्या विवेक सागर प्रसादचं. अकोल्याच्या एका स्पर्धेत ध्यानचंद यांचे चिरंजीव अशोककुमार यांची नजर त्याच्यावर पडली आणि तो भोपाळच्या अकादमीत गेला. जानेवारी २०१८ मध्ये, अठरा पूर्ण व्हायच्या आत, तो भारताकडून खेळला. पण २०२१ मध्ये टोकियोचं ब्राँझ गळ्यात असताना तोच विवेक भुवनेश्वरला ज्युनिअर विश्वचषकात भारताचा कर्णधार होता. वर जाऊन आलेला पोरगा पुन्हा आपल्या वयाच्या पोरांत खेळला आणि त्यात कोणाला कमीपणा वाटला नाही. आपल्याकडे मात्र ज्युनिअरला परत पाठवलं की आईबापांचं तोंड उतरतं.

डिफेंडरची चूक थेट फळ्यावर लिहिली जाते, म्हणून कोच तिथे पोर उतरवायला कचरतो. ड्रॅग फ्लिक मारणाऱ्याचं प्रकरण अजून वेगळं. पेनल्टी कॉर्नरवर चेंडू स्टिकच्या दांड्यावर ओढत आणून गोलात भिरकावणं म्हणजे ड्रॅग फ्लिक. चांगल्या फ्लिकचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जातो. डीची त्रिज्या १४.६३ मीटर, म्हणजे चेंडू साधारण अर्ध्या सेकंदात गोलाशी पोचतो. ज्याला हे येतं त्याला लिलावात भाव मिळतो, पण मोठे क्लब बहुधा पहिला फ्लिकर म्हणून नावाजलेला माणूस आधीच घेऊन ठेवतात. मग आपल्या पोराला उरलेला वेळ डिफेन्स करावा लागतो. शिवाय समोरच्यांचा कॉर्नर असला की कुणीतरी गोलरेषेवरून सुटून त्या शंभरच्या चेंडूवर अंग टाकत पळायचं असतं. त्याला रशर म्हणतात. अठराव्या वर्षी ते काम अंगावर घेणाऱ्या पोराबद्दल मला आदर वाटतो आणि काळजीही.

गोलकीपर सगळ्यात उशिरा पिकतो. श्रीजेश २००६ मध्ये भारताकडून पहिल्यांदा खेळला, पण पहिल्या पसंतीचा गोलकीपर व्हायला त्याला कित्येक वर्षं थांबावं लागलं. निवृत्त झाला तो २०२४ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, दुसरं ऑलिम्पिक ब्राँझ घेऊन. तुमचा गोलकीपर एकोणिसाव्या वर्षी लीगमध्ये नसेल तर काहीही बिघडलेलं नाही.

"सचिन नाही का सोळाव्या वर्षी खेळला?"

खेळला, १९८९ मध्ये. पण क्रिकेटच्या पीचवर कोणी तिशीतला ऐंशी किलोचा माणूस पळत येऊन बॅट्समनच्या खांद्याला खांदा भिडवत नाही. हॉकीत पोराचं अंग भरलेलं नसेल तर कौशल्य असूनही चेंडू सुटतो.

आणि ज्युनिअरचा तारा पुढे ताराच राहतो, असंही नाही. २०१६ मध्ये लखनौला भारताने ज्युनिअर विश्वचषक जिंकला. त्या संघातले हरमनप्रीत, मनदीप, वरुण कुमार, सुमित, सिमरनजीत पुढे टोकियोला ब्राँझ घेऊन आले. कर्णधार हरजीत सिंग वरिष्ठ संघापर्यंत गेला, पण ऑलिम्पिक त्याच्या वाट्याला आलं नाही. आणि मनदीप? २०१३ चा तो चमकता पोरगा २०१६ च्या रिओ ऑलिम्पिक संघात नव्हता. वर्षाअखेरीस ज्युनिअर विश्वचषक खेळला आणि तिथून पुन्हा वर आला.

"यंदा नाही गेला तर गाडी सुटली"

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो, आणि त्यात भीती आहे म्हणून तो हसण्यावारी नेऊ नये. पण लीगचाच इतिहास बघा. २०१७ मध्ये अठरा वर्षांचा असलेला पोरगा लीग पुन्हा सुरू झाली तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. ज्यांनी सगळा डाव लीगवर लावला त्यांच्या उमेदीची वर्षं तशीच गेली. टिकले ते रेल्वे, तेल कंपन्या, सेनादलं, पोलीस यांच्या संघांत नोकरी धरून खेळणारे. भुसावळच्या माणसाला रेल्वेतल्या स्पोर्ट्स कोट्याचं मोल मी काय सांगणार!

दोन लाखांची मूळ किंमत ऐकायला बरी वाटते, पण वर्षाचे बाकीचे आठवडे पोरगा कुठल्या मैदानावर आणि कोणाविरुद्ध खेळतो, यावर तो घडतो. एकही मिनिट न मिळता हंगामभर बेंचवर बसला तरी ऑलिम्पिकवाल्यांबरोबर सराव करून तो काहीतरी घेऊन येईल, हे मान्य. पण त्यासाठी राष्ट्रीय ज्युनिअर कॅम्प सोडावा लागणार असेल, तर माझ्या मते तो सौदा तोट्याचा. डिसेंबर २०२५ मध्ये चेन्नई-मदुराईच्या ज्युनिअर विश्वचषकात भारताने अर्जेंटिनाला ४-२ ने हरवून ब्राँझ घेतलं. अशा एका स्पर्धेत सामन्यामागून सामने मैदानावर काढलेली मिनिटं बेंचवरच्या आख्ख्या हंगामापेक्षा जास्त शिकवतात.

"आपल्याकडे टर्फच नाही, मग बोलून काय फायदा?"

फलटणजवळच्या आसू गावची वैष्णवी फाळके पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून भारताच्या वरिष्ठ संघापर्यंत गेली. तिच्या गावात काही ओलं टर्फ अंथरलेलं नव्हतं. पंधराच्या आत निवासी अकादमीत जाणं हा आपल्या पोरापोरींसाठी आज तरी सगळ्यात सरळ रस्ता आहे. तिथे जायला आधी दिसावं लागतं, आणि त्यासाठी नेहरू हॉकीसारख्या शालेय स्पर्धा जिल्ह्यावरून नाशिक विभागाला, तिथून राज्याला खेळाव्या लागतात. मुलींच्या बाबतीत तर घाई करण्यात मला अजिबात अर्थ वाटत नाही. चारच संघांची नवी लीग आहे, ती आधी स्थिरावू द्या.

हो म्हणण्याआधी काय विचारायचं

क्लबचा फोन आलाच तर पैशांचं शेवटी विचारा. आधी विचारा की ज्युनिअरला मैदानावर उतरवायचा त्यांचा विचार आहे का, आणि कुठल्या जागेवर. घरच्या मैदानावर मधोमध, सेंटर-हाफला खेळणाऱ्याला तिथे कडेला, विंगेवर ढकलणार असतील तर ते आधी कळलेलं बरं. दुखापत झाली तर उपचार कोणाच्या खर्चाने आणि किती दिवस, हे लेखी घ्या. हंगाम संपल्यावर फिटनेसचा कार्यक्रम कोण देणार तेही विचारून ठेवा.

आणि पोरगा बारावीला असेल तर कॅलेंडर काढून बसा. २०२४-२५ च्या हंगामाचा शेवट १ फेब्रुवारीला झाला, आणि राज्य मंडळाची बारावीची लेखी परीक्षा ११ फेब्रुवारीला सुरू झाली. प्रॅक्टिकल त्याआधी, २४ जानेवारीपासूनच होती. ती बुडाली तर नंतर "आउट ऑफ टर्न" देता येते, पण त्याची चौकशी कॉलेजात डिसेंबरमध्येच करून ठेवावी लागते.